हाताला दोष देण्याआधी पातं तपासा : नव्या स्क्रोल सॉची जुळणी

लाकडात नक्षी कापायची स्क्रोल सॉ नवीन घेतलेल्या माणसाची तक्रार बहुधा एकच असते: रेषेवर कापताच येत नाही. सरळ रेष उजवीकडे पळते, गोल कापला तर लांबट होतो, तुकड्याची कड वरून बरोबर दिसते आणि खालून तिरकी निघते. मग तो ठरवून टाकतो की आपल्या हातातच कला नाही, आणि मशीन माळ्यावर जातं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा हाताचा दोष नसतोच. नवं मशीन खोक्यातून निघतं तेव्हा ते जोडलेलं असतं, जुळवलेलं नसतं. कारखान्यात स्क्रू आवळले जातात. पातं नेमकं कुठून कुठे जातंय हे बघायचं काम घेणाऱ्यावर सोडलेलं असतं, आणि सोबतच्या पुस्तिकेत त्याबद्दल दोन-चार ओळींपलीकडे फारसं काही नसतं.

दुकानात जिगसॉ आणि स्क्रोल सॉ यांची गल्लत होते, म्हणून आधी फरक सांगतो. जिगसॉ हातात धरून लाकडावर फिरवतात. तिचं पातं एकाच टोकाला धरलेलं असतं. स्क्रोल सॉ टेबलावर पक्की बसवलेली असते आणि लाकूड हाताने फिरवायचं असतं. तिचं पातं वर आणि खाली अशा दोन्ही टोकांना ताणून धरलेलं असल्यामुळे ते सुतळीपेक्षाही बारीक असू शकतं, आणि म्हणून जागच्या जागी वळण घेता येतं. लाकडाला भोक पाडायचं, पातं त्यातून ओवायचं, पुन्हा क्लॅम्पमध्ये धरायचं, की बाहेरची कड न तोडता आतला आकार कापता येतो. देव्हाऱ्याची जाळी, दारावरची नावाची पाटी, लाकडी कोडी, गणपतीचं मखर ही सगळी याच मशीनची कामं. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि प्लायच्या मखरांना मागणी वाढली. त्यातली बरीच आज लेझरवर कापली जातात, पण लेझरची कड जळकी असते आणि जाड भरीव सागवानात तो लवकर दमतो. तिथे पात्याला पर्याय नाही.

सगळी जुळणी एकाच हेतूने करायची आहे. ते बारीक पातं एकाच सरळ रेषेत वर-खाली जावं, आणि ती रेष मशीनच्या टेबलाला, म्हणजे लाकूड ठेवायच्या सपाट पाटाला, काटकोनात असावी. पुढचं सगळं या वाक्यातून निघतं.

आत काय चालतं

आपल्याकडे ऑनलाइन सहज मिळणारी बरीच मशीन १६ इंची असतात. १६ इंच म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतची मोकळी जागा, साधारण ४०० मिमी. पातं ५ इंच लांब, त्याची वर-खाली चाल २० मिमीच्या आसपास, वेग मिनिटाला साधारण ४०० ते १६०० फेऱ्या, आणि ५० मिमीपर्यंत जाड लाकूड खाली जाईल इतकी उंची.

मोटरच्या दांड्यावर मध्यापासून जरा सरकवून बसवलेली चकती असते. ती फिरली की तिला जोडलेला दुवा खालच्या आर्मला वर-खाली ढकलतो. वरचा आणि खालचा असे दोन लांब आर्म मागे आपापल्या खिळीवर झुलतात. त्यांची मागची टोकं ताणाच्या सळईने जोडलेली असतात आणि पुढची टोकं पात्याने. म्हणजे दोन आर्म, सळई आणि पातं मिळून एक समांतरभुज चौकोन झाला. आर्म कितीही झुलले तरी समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात, म्हणून पातं उभंच राहतं. ते कधी पुढे झुकलं, कधी मागे झुकलं असं होत नाही. या रचनेचं सौंदर्य मला अजूनही मोहवतं: पाचशे रुपयांचं गणित आणि तेवढंच लोखंड, पण पातं ओळंब्यात.

मात्र आर्मचं टोक वर्तुळाच्या तुकड्यावरून फिरतं, त्यामुळे पातं उभं राहूनही किंचित पुढे-मागे सरकतं. किती? आर्म ४०० मिमीचा आणि चाल २० मिमीची धरू. चालीच्या मध्यावर आर्म बरोबर आडवा असेल, तर पातं जेमतेम ०.१३ मिमी पुढे-मागे होतं. पण जुळणीत चूक होऊन मध्यावर आर्मचं टोक २० मिमी वर राहिलं, तर तेच सरकणं एक मिलिमीटर होतं. पाचपट-सहापट नव्हे, आठपट. असं पातं वळणावर लाकडाला मागे धक्का देतं, ते हाताला थरथरीसारखं जाणवतं, आणि आपण हाताला बोल लावतो.

आधी जागा, मग जुळणी

थरथरणाऱ्या मशीनवर मोजमाप करण्यात अर्थ नाही, म्हणून पहिलं काम ते पक्कं करण्याचं. मिनिटाला १५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २५. प्रत्येक फेरीत आर्म दोनदा थांबून उलटा फिरतो. २० मिमीच्या चालीत पात्याच्या टोकाला येणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २५ पट भरतं. वेग निम्मा केला की ते निम्मं होत नाही, चौथ्या हिश्शावर येतं, कारण हा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून नवशिक्याने ७०० ते ९०० फेऱ्यांवरच राहावं असं माझं ठाम मत आहे.

मशीनच्या पायातल्या भोकांतून बोल्ट घालून ते जड टेबलावर आवळा. फोल्डिंग टेबल, खाटेची फळी, जुनं लोखंडी कपाट यांवर ठेवू नका. पोकळ वस्तू आवाज आणि थरथर दोन्ही वाढवतात. स्वतः स्टँड बनवणार असाल तर तीन पायांचा बनवा, तो खडबडीत फरशीवरही डुगडुगत नाही. खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली की झालं. मशीनखाली पातळ रबराचा तुकडा चालेल, पण जाड स्पंज नको. त्यावर मशीन नाचतं. एखाद्या ठरावीक वेगालाच सगळं घुमायला लागलं तर तो टेबल आणि मशीन यांच्या एका तालात येण्याचा वेग असतो. त्याच्या जरा वर किंवा खाली चालवा.

काटकोन : टेबलाच्या पट्टीवर विश्वास नको

मशीनच्या या टेबलाखाली अंश दाखवणारी पट्टी असते. तिचा शून्य हा अंदाज समजा. काटकोन पाहायला छोटा स्टीलचा गुण्या घ्या, आणि आधी तोच तपासा: सरळ कडेच्या फळीला टेकवून एक रेष मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेष मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर दुसरा आणा.

प्लग काढा. पातं लावून नीट ताणा, कारण सैल पात्याशी काटकोन जुळवणं व्यर्थ आहे. गुण्या टेबलावर पात्याच्या बाजूला सरकवत न्या आणि मागे पांढरा कागद धरून फटीतून येणारा उजेड पाहा. वर-खाली सारखी फट दिसेपर्यंत टेबल कलवा आणि चावी आवळा. आवळताना टेबल जरा हलतंच, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाहा.

पण गुण्याने झालेलं हे काम कच्चं. खरी परीक्षा लाकडावर होते. साधारण ४० मिमी जाडीचा, सरळ कडेचा एक तुकडा घ्या. पात्यासमोर धरून त्याच्या कडेत दोन-तीन मिमी खोल चीर पाडा आणि मशीन बंद करा. आता तुकडा पात्याच्या मागे न्या आणि आडवा फिरवून चिरेची बाजू पात्याच्या पाठीसमोर आणा, तळ मात्र टेबलावर तोच राहू द्या. काटकोन बरोबर असेल तर पातं त्या चिरेत वरपासून खालपर्यंत सहज शिरतं. नसेल तर वर शिरतं आणि खाली अडतं, किंवा उलट. या चाचणीची खुबी अशी की तुकडा फिरवल्यामुळे चूक दुप्पट होऊन दिसते. टेबल अर्धा अंश कललेलं असेल तर चीर आणि पातं यांच्यात एक अंशाचा फरक दिसतो. ४० मिमी उंचीत तो ०.७ मिमी होतो, आणि एवढं साध्या डोळ्यांनाही कळतं. दिसलेल्या फरकाच्या निम्मं टेबल हलवायचं, नवी चीर पाडायची, पुन्हा पाहायचं.

इतका खटाटोप कशाला? २० मिमीच्या फळीत एक अंशाची चूक म्हणजे वरची आणि खालची कड ०.३५ मिमीने वेगळी. गोल चकती कापली तर व्यासात ०.७ मिमीचा फरक. लाकडी कोड्याचे तुकडे मग एकाच बाजूने निघतात, दुसऱ्या बाजूने अडकतात. मुलांच्या हातात देण्याजोगं कोडं हवं तर ही जुळणी टाळून चालणार नाही. अशी कोडी बनवण्याची कल्पना जुनी आहे: लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी यांनी १७६०च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमारेषांवर कापले, मुलांना भूगोल शिकवायला. तेव्हा हे सगळं हाताच्या करवतीने व्हायचं.

पात्याचं डोलणं

आता असा दोष, जो पुस्तिकेत क्वचितच सांगितलेला असतो आणि स्वस्त मशीनमध्ये हमखास सापडतो. प्लग काढलेलाच राहू द्या. गुण्या पात्याच्या डाव्या बाजूला, त्याला जेमतेम न टेकेल असा ठेवा. मोटरचा दांडा हाताने फिरवता येत असेल तर तो हळूहळू फिरवा, नाहीतर वरचा आर्म धरून सावकाश वर-खाली करा. नजर फक्त गुण्या आणि पातं यांच्यातल्या फटीवर ठेवा. फट कायम राहिली तर उत्तम. पातं वर जाताना गुण्यापासून दूर आणि खाली येताना जवळ येत असेल, तर वरचा आणि खालचा क्लॅम्प एका ओळंब्यात नाहीत.

बहुतेक क्लॅम्पमध्ये पात्याच्या एका बाजूला हाताने फिरवायचा स्क्रू असतो आणि दुसऱ्या बाजूला ॲलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, फिरणारा छोटा स्क्रू. पातं या दोघांच्या टोकांमध्ये पकडलं जातं. हातचा स्क्रू पातं लावताना रोज फिरतो. ॲलनचा स्क्रू एकदाच बसवायचा असतो, आणि पातं डावीकडे की उजवीकडे हे तोच ठरवतो. पाव फेरी फिरवा, पातं पुन्हा पकडा, पुन्हा फट पाहा. एका वेळी एकाच क्लॅम्पला हात लावा, नाहीतर काय केल्याने काय झालं ते कळत नाही. घाई नसलेल्या दुपारी बसून करण्यासारखं काम आहे, आणि फळ लगेच दिसतं: चीर बारीक होते, कड गुळगुळीत येते, पॉलिश पेपरचं काम घटतं.

त्याच वेळी स्क्रूंची टोकं पाहा. ती गुळगुळीत किंवा तेलकट असतील तर पातं सटकतं. नव्या पात्यांवरही गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो. पात्याची दोन्ही टोकं आणि स्क्रूंची टोकं बारीक पॉलिश पेपरने हलकी घासली, स्पिरिटने पुसली की सटकणं थांबतं. पक्कड लावून स्क्रू आवळू नका. त्याने आटे जातात आणि दोष तसाच राहतो.

पुढे-मागे सरकणं पाहायची रीत हीच, फक्त गुण्या पात्याच्या पाठीमागे धरायचा. काही महागड्या मशीनमध्ये मोटर किंवा तिची चकती जरा फिरवून हे सुधारता येतं. स्वस्त मशीनमध्ये तशी सोय नसते, पण वरचा आर्म ताणाच्या नॉबने किती वर-खाली बसतो त्यावर थोडा परिणाम करता येतो. अर्धा मिमी सरकत असेल तर सोडून द्या आणि कामाला लागा.

ताण किती

तंबोऱ्याची तार जशी कानाने जुळवतात तसाच पात्याचा ताण कानाने कळतो. बोटाने पातं छेडा: खर्जातला, मेलेला आवाज आला तर ताण कमी आहे. स्वच्छ, उंच टणत्कार हवा. सूर पात्याच्या रुंदीप्रमाणे बदलतो, म्हणून दुसरी खूण बोटाची: मध्यावर बाजूने मध्यम जोराने दाबलं तर पातं ३ मिमीपेक्षा जास्त वाकता कामा नये.

ताण कमी असेल तर जाड लाकडात पातं आतल्या आत पोटासारखं फुगतं. वरची आणि खालची कड बरोबर आणि मधली बाहेर आलेली, असा तुकडा निघाला तर काटकोन तपासत बसू नका, ताण वाढवा. ताण जास्त असेल तर पातं तुटतं, बहुधा क्लॅम्पजवळ. मधोमध तुटत असेल तर लाकूड जोराने ढकललं जातंय किंवा पात्याची धार गेली आहे. लाकूड ढकलायचं नसतंच, पातं खाईल तेवढं द्यायचं असतं. काम संपलं की ताणाचा नॉब सैल करा. रात्रभर ताणलेला आर्म आणि त्याच्या खिळी अकारण झिजतात.

रेष उजवीकडे का पळते

हे प्रत्येक नवशिक्याला छळतं, आणि हा बिघाड नाही. पात्याचे दात पाडताना एका कडेला पोलादाची बारीक कोर उरते. ती बाजू, बहुधा उजवी, दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त कापते. त्यामुळे लाकूड नाकासमोर सरळ ढकललं तर पातं हळूहळू उजवीकडे जातं. म्हणूनच या मशीनला टेबल सॉसारखी, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीसारखी, सरळ पट्टी लावून काम होत नाही.

तोडगा सोपा आहे. फळीच्या तुकड्यावर सरळ रेष मारा आणि लाकूड जरा वळवत-वळवत रेषेवर कापत जा, जोपर्यंत पातं आपोआप रेषेवर राहत नाही. मग थांबा आणि पाहा, फळी किती तिरकी झाली आहे. बहुधा रेषेचं आपल्याकडचं टोक काही अंशांनी उजवीकडे आलेलं असतं. हा त्या पात्याचा स्वभाव. काही जण मशीनच टेबलावर तेवढ्या कोनात फिरवून बसवतात, म्हणजे आपण सरळ बसून लाकूड सरळ ढकलू शकतो. मला ही युक्ती फार आवडते. मानेचं दुखणं वाचतं. दगडी चाकावर घासून दात धारदार केलेल्या महाग पात्यांत ही ओढ पुष्कळ कमी असते.

पाती : इथे कंजुषी नको

मशीनसोबत येणारी पाती बहुधा दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली आणि जाड असतात. ती शिकण्यापुरती वापरा. पिनेच्या पात्याला ओवायला मोठं भोक लागतं, म्हणून बारीक जाळी त्याने होत नाही. मशीनला बिनपिनेचे क्लॅम्प बसत असतील तर आजच बदला. विकत घेण्याआधीही पहिला प्रश्न हाच विचारा.

बिनपिनेची पाती डझनावर मिळतात आणि त्यांना नंबर असतात. ५ नंबरचं पातं सुमारे १ मिमी रुंद आणि ०.४ मिमी जाड. १२ ते २० मिमीच्या सागवानाला, प्लायला ते चांगलं. २/० हे निम्म्याच्या आसपास बारीक, ३ ते ६ मिमीच्या फळीतल्या नाजूक कामाचं. ९ आणि १२ नंबर ४०-५० मिमीच्या जाड लाकडासाठी. सुरुवात ३ आणि ५ नंबरांवर करा. दातांचे प्रकारही पुष्कळ आहेत, पण एकच लक्षात ठेवला तरी पुरे: उलट्या दातांचं पातं. याचे खालचे थोडे दात वरच्या दिशेला असतात आणि प्लायच्या खालच्या बाजूच्या चिंध्या ते साफ करतात. पातं सगळ्यात वर असताना असे दोन-तीन दातच टेबलाच्या वर दिसायला हवेत. जास्त दिसले तर लाकूड उचललं जातं. मग पात्याचं खालचं टोक जरासं तोडून ते खाली बसवा. बाकी दात नेहमी खाली तोंड करून आणि आपल्याकडे. फळी टेबलावर उड्या मारायला लागली तर पातं बहुधा उलटं लागलं आहे.

मुंबईत झवेरी बाजाराच्या आसपास सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानांत मिळणारी पातीही साधारण १३० मिमी लांब आणि बिनपिनेचीच असतात, त्यामुळे ती या मशीनला बसतात. मात्र ती धातूसाठी आहेत. लाकडात त्यांचे दाट दात भुशाने भरतात, लाकूड जळतं. पितळेचा, तांब्याचा पातळ पत्रा कापायचा असेल तर तीच घ्या आणि वेग अगदी कमी ठेवा.

पातं किती टिकेल हे लाकडावर. पांगारा, ज्याची सावंतवाडीची खेळणी होतात, लोण्यासारखा कापला जातो. सागवानातला रेतीचा अंश धार खातो. सगळ्यात निर्दय म्हणजे मरीन प्लायमधला गोंद. धार गेल्याची खूण अशी की हात नकळत जास्त जोर लावू लागतो. ती जाणवताच पातं बदला. चाल २० मिमीचीच असल्यामुळे पात्याचा बराचसा भाग कधी लाकडाला लागतच नाही. पातळ फळी कापताना टेबलावर १२ मिमीचा प्लाय ठेवून उंची वाढवली तर वरचे कोरे दात वापरात येतात. उलट्या दातांच्या पात्याला मात्र ही युक्ती करू नका.

टेबल, हवा, पाऊस

टेबलाचा पृष्ठभाग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासून त्यावर साधं मेण चोळा आणि कापडाने चमकवा. फळी तेलावरून सरकल्यासारखी सरकते. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. पात्याभोवतीचं भोक मोठं असेल तर नाजूक तुकडे त्यात पडतात. जुन्या सनमायकाच्या तुकड्याला बारीक भोक पाडून तो दुहेरी टेपने टेबलावर चिकटवा. आराखड्याचा कागद चिकटवल्यावर वरून रुंद पॅकिंग टेप लावा, लाकूड जळणं पुष्कळ कमी होतं. भुसा उडवणारी मशीनची नळी फुसकी असेल तर मासे ठेवायच्या टाकीचा हवेचा पंप लावतात, आणि तो चांगलं काम करतो.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात टेबल आठवड्यात लालसर होतं. मेणाचा हात दर पंधरवड्याला द्या, पाती झाकणाच्या बरणीत ठेवा. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मशीन आणवायचा विचार असेल तर तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि चांगल्या मशीनचं वजन पंचवीस किलोच्या घरात जातं.

भुसा मात्र हलक्यात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. शिसवाच्या भुशाने पुष्कळांना खाज आणि धाप लागते, आणि एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचा, भुसा तर पिठासारखा बारीक. एन-९५ मास्क लावा, चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा. पातं तुटलं तर त्याचा तुकडा बोटाला टोचू शकतो, म्हणून बोटं पात्याच्या समोरच्या रेषेत ठेवायची नाहीत.

काटकोन जुळल्यावर तो मुद्दाम मोडायचा

टेबल जरा कललं तर आतला तुकडा एकाच बाजूने अडकतो, हे वर आलंच आहे. जडावकामात नेमकं तेच हवं असतं. सागवानाची आणि शिसवाची अशा दोन सारख्या जाडीच्या फळ्या एकावर एक चिकटवा, टेबल थोडं कलवा आणि आकृती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दिशेने फिरवत कापा. कड उतरती होते. तुकडा खालच्या बाजूला रुंद होत गेला असेल तर खालच्या फळीतला तुकडा वर सरकून वरच्या फळीच्या भोकात घट्ट बसतो, आणि पात्याने खाल्लेली चीर पूर्ण भरून निघते. सागवानात शिसवाचं पान, मध्ये केसाएवढीही फट नाही.

कोन किती, हे चिरेच्या रुंदीवर आणि फळीच्या जाडीवर ठरतं. चीर ०.३५ मिमी आणि प्रत्येक फळी ६ मिमी असेल तर सुमारे सव्वातीन अंश. फळी ३ मिमीची असेल तर पावणेसात. पण हे गणित फक्त सुरुवातीचा आकडा देतं. त्याच दोन लाकडांच्या टाकाऊ तुकड्यांवर एक रुपयाएवढा गोल कापून पाहा. तुकडा पृष्ठभागाशी येण्याआधीच अडकला तर कोन जास्त आहे, सैल होऊन आरपार गेला तर कमी. पाव-पाव अंशाने टेबल हलवत जा. जमलं की पात्याचा नंबर, फळीची जाडी आणि कोन टेबलाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा, कारण पात्याचा नंबर बदलला की चीर बदलते आणि तिच्यासोबत कोनही.